होमी भाभांच्या नावाचं चंद्रावरचं विवर गच्चीवरून दिसतं का?

ट्रॉम्बेकर:

नमस्कार मंडळी, खगोल वगैरे माझा प्रांत नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. कोजागिरीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मसाला दूध, भेळ, अंताक्षरी हे ठरलेलंच असतं, यंदा कमिटीतल्या एका उत्साही मेंबरने कुठूनतरी दुर्बीणवाले बोलावले. मोठं पांढरं नळकांडं, खाली आरसा, आणि वरच्या टोकाला बाजूने डोळा लावून बघायचं असली दुर्बीण. सगळ्यांनी लाइन लावून चंद्र बघितला. दाखवणारा मुलगा प्रत्येकाला सांगत होता की वरच्या अंगाला जो पांढराफटक ठिपका आहे आणि ज्यातून चहूकडे रेषा गेल्यात ते होमी भाभांच्या नावाचं विवर. आमचे बाबा बीएआरसीतून रिटायर झालेले, हे ऐकून इतके खुश झाले की परत लाइनीत जाऊन उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी जुन्या सहकाऱ्यांना फोन करकरून सांगत बसले.

आता झालंय काय की त्यातल्याच एका काकांनी उलटा फोन करून सांगितलं, तसं विवर आहे खरं पण ते चंद्राच्या मागच्या बाजूला आहे, इथून दिसूच शकत नाही. तेव्हापासून घरात वाद. बाबांचं एकच, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी नेटवर थोडं शोधलं पण आकडे आणि अंश बघून डोकं चालेना.

तर असं विवर खरंच आहे का, असेल तर नक्की कुठे, दिसतं की नाही, आणि मागे असेल तर मागे कशाला दिलं? एवढ्या मोठ्या माणसाला न दिसणारी जागा द्यायची हे बाबांच्या जरा मनाला लागलंय, खरं सांगायचं तर माझ्याही.

गच्चीवरचा_न्यूटन:

विवर आहे. अधिकृत नाव भाभा, व्यास ६४ किमी. काकांचं बरोबर आहे आणि बाबांनी बघितलं ते टायको नावाचं दुसरंच विवर.

पौर्णिमेच्या चंद्रावर दक्षिणेकडे पांढरा ठिपका आणि त्यातून लांबवर गेलेले किरण म्हटलं की दुसरं काही असूच शकत नाही. तुम्ही वर्णन केलंत ती न्यूटोनियन दुर्बीण, तिच्यात चित्र उलटं दिसतं म्हणून दक्षिण वर गेली. टायको ८५ किमीच्या आसपास, वय साधारण १० कोटी वर्षं, चंद्राच्या हिशोबात कालचं पोर, म्हणून तर त्याचे किरण अजून इतके ठळक आहेत. भाभाला किरण वगैरे काही उरलेलं नाही, काठही झिजलेला आहे.

आता पत्ता. भाभा आहे ५५ अंश दक्षिण, १६४.५ अंश पश्चिम. आपल्याकडे तोंड असलेली बाजू म्हणजे ९० पश्चिम ते ९० पूर्व, बास. चंद्र थोडा डुलतो, त्याला लायब्रेशन म्हणतात, त्यामुळे निम्म्याऐवजी एकूण ५९ टक्के चंद्र आळीपाळीने बघायला मिळतो, पण त्या डुलण्यातून कडेच्या पलीकडचे आठ-दहा अंशच काय ते हाती लागतात. भाभाचा हिशोब मांडला तर ते कडेपासून जवळपास ३४ अंश आत येतं. चंद्रावर एक अंश म्हणजे ३० किमी, म्हणजे कड ओलांडून पुढे हजारेक किमी गेलात की मग भाभा. त्यामुळे गच्चीवरची सोडा, जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण लावली तरी पृथ्वीवरून ते दिसणार नाही, आज नाही आणि आपल्या नातवंडांनाही नाही.

त्या मुलाने जे केलं ते मला अजिबात आवडलं नाही. टायको सांगितलं असतं तरी लोक खुश झालेच असते की. पण बिल्डिंग कुठली आहे ते बघून नाव चिकटवून दिलं.

पुणेरी_शंकासुर:

थांबा थांबा. मागची बाजू कायम अंधारात असते असं आम्हाला शाळेत शिकवलंय. मग तिथलं ६४ किमीचं विवर कुणी मोजलं, टॉर्च घेऊन? आणि आपलं चांद्रयान-३ तिकडेच दक्षिण ध्रुवावर मागे उतरलं ना, त्याने काढला असेल की फोटो. तो टाका इथे, विषय मिटेल.

गच्चीवरचा_न्यूटन:

शंकासुरराव, शाळेत जे काय शिकवलं असेल ते असो, मागच्या बाजूलाही आपल्यासारखाच दिवस आणि रात्र होते, फक्त आपले दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे काळोख असा मामला आहे. अमावास्येला आपल्याला चंद्र दिसत नाही तेव्हा सगळं ऊन पलीकडेच पडलेलं असतं. भाभाचं गणित केलं तर तिथे कृष्ण षष्ठी-सप्तमीच्या सुमारास उजाडतं, अमावास्येच्या आदल्या दिवशी भर दुपार, आणि शुक्ल षष्ठी-सप्तमीला सूर्य मावळतो. त्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फक्त ३५ अंश वर, कारण जागा ५५ अक्षांशावर आहे, त्यामुळे तिथल्या डोंगरांच्या सावल्या कधीच पूर्ण जात नाहीत. आणि कोजागिरीला? कोजागिरीला तिथे मध्यरात्र उलटलेली असते. म्हणजे बाबांना दाखवलं ते दोन्हीकडून चुकीचं.

मोजलं कुणी याचं उत्तर, कॅमेऱ्यांनी. मागच्या बाजूचे पहिले फोटो सोव्हिएत लूना-३ ने ७ ऑक्टोबर १९५९ ला काढले, एकदम धुरकट. नीट नकाशा झाला तो १९६६-६७ मध्ये अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी. २००९ पासून तर नासाचं एलआरओ यान वर फिरतंच आहे.

आणि चांद्रयान-३ मागे उतरलेलं नाही हो. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं ६९ अंश दक्षिण, ३२ अंश पूर्व या ठिकाणी, म्हणजे आपल्याकडच्याच बाजूला आणि ध्रुवापासून बऱ्यापैकी अलीकडे. तिथून पृथ्वी दिसते म्हणून तर विक्रम थेट आपल्याशी बोलू शकला. मागच्या बाजूला उतरायचं तर मधे निरोप पोचवायला वेगळा उपग्रह लागतो, चीनने त्यासाठी आधी क्वेछियाओ पाठवला आणि मगच चांगअ-४ उतरवलं.

जोशीकाकू_ठाणे:

ट्रॉम्बेकर, "मागे का दिलं" याचं मी सांगते, नावं हा माझा आवडता विषय आहे.

समोरची बाजू काय, तिथली बरीचशी नावं १६५१ सालच्या रिचोलीच्या नकाशापासून चालत आलेली. टायको, कोपर्निकस, प्लेटो, मोठ्या मोठ्या जागा आधीच बुक. विसाव्या शतकातल्या माणसाला तिथे काय शिल्लक राहणार, उरलीसुरली छोटी खळगी. मग लूनर ऑर्बिटरचे फोटो आले आणि मागची सगळी बाजू जवळजवळ कोरी करकरीत समोर आली, शेकडो विवरं आणि बहुतेकांना नाव नाही. त्यातून १९७० साली आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने एक भलीमोठी यादी मंजूर केली. भाभा गेले २४ जानेवारी १९६६ ला, माँ ब्लाँवर एअर इंडियाचं कांचनजंगा विमान कोसळलं त्यात. म्हणजे वेळ बघा कशी जुळून आली, नवा नकाशा तयार होत होता त्याच वर्षांत हे नाव लोकांच्या डोक्यात ताजं होतं.

आता आपल्या लोकांची आकारमानं बघा. विक्रम साराभाईंचं विवर समोरच्या बाजूला आहे, छान दिसतं, पण व्यास जेमतेम ८ किमी, आधी त्याला बेसेल ए म्हणायचे, १९७३ मध्ये नाव बदललं. सी. व्ही. रामन यांचंही समोरच, तेही दहा-अकरा किमीचं. आणि मागे? भाभा ६४, जगदीशचंद्र बोस ९१, शिशिरकुमार मित्र ९२, मेघनाद साहा ९९. मागे मिळालं म्हणून मोठं मिळालं, असं बाबांना सांगा. माझ्या मते तर सौदा वाईट नाही. चर्चगेटला गाडीत बसून विरारला उतरलात तर ६० किमी होतात, तेवढ्याहून थोडं जास्तच हे विवर आहे, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे.

कुणी म्हणेल परदेशी माणसांना समोर दिलं नि आपल्याला मागे ढकललं. तसं काही नाही. युरी गागारिन मागेच आहे. अपोलो-८ चे बोरमन, लव्हेल, अँडर्स या तिघांना तर जिवंतपणीच १९७० मध्ये मान मिळाला, त्यांचीही विवरं मागेच.

जाता जाता, आपल्या आनंदीबाई जोशींच्या नावाचं विवर आहे ते शुक्रावर, आणि पंडिता रमाबाईंच्या नावाचंही, ते मेधावी या नावाने. शुक्रावर विवरांना बायकांचीच नावं देतात. तिथे ढग इतके दाट की तेही दुर्बिणीतून कधी दिसायचं नाही. चालायचंच.

पुणेरी_शंकासुर:

काकू तो बोस म्हणजे सत्येंद्रनाथ बोस असेल, बोस-आइनस्टाइन वाले. भाभांच्या शेजारी फिजिक्सवालाच बसवणार ना.

जोशीकाकू_ठाणे:

नाही हो, जगदीशचंद्रच. तेही फिजिक्सवालेच की, रेडिओ लहरींवरचं त्यांचं काम विसरलात वाटतं. पण शेजारी मात्र खरंच आहेत, भाभाच्या पश्चिमेला लगेच बोस, पूर्वेला स्टोनी.

बेसॉल्ट_ताई:

उशिरा आले धाग्यावर, पण सगळे नाव आणि पत्ता यातच अडकलेत, त्या विवरात आहे काय हे कुणी बोलतच नाहीये. मी जिऑलॉजीवाली आहे, संभाजीनगरात असते, त्यामुळे सुरुवात लोणारपासूनच करणार, इलाज नाही.

लोणार १.८ किमीचं. उल्का बेसॉल्टवर आदळली आणि वाडग्यासारखा खड्डा झाला, मधोमध काही नाही, आता तळं आहे. उल्कापातानेच झालंय हे नक्की झालं १९७३ च्या सुमारास, धक्क्याने काच झालेली खनिजं सापडली तेव्हा. चंद्रावरचे बहुतेक दगड आघाताने झालेले आणि काळपट भागांत बेसॉल्ट, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येत असतात. आता आघात मोठा झाला की प्रकरण बदलतं. पृथ्वीवर दोन-चार किमीच्या वर आणि चंद्रावर, गुरुत्व कमी असल्यामुळे, पंधरा-वीस किमीच्या वर गेलात की खड्डा नुसता वाडगा राहात नाही. तेवढ्या मोठ्या आघातात खालचा दगड दाबला जातो आणि दाब सुटला की तळ उसळून वर येतो आणि तिथेच थिजतो, मधोमध डोंगर उभा राहतो. कडा आत ढासळतात, पायऱ्या पायऱ्या होतात. हे सगळं मिनिटांत होतं, हजारो वर्षांत नाही. भाभा ६४ किमीचं, तेव्हा त्याच्या मध्यावर असा डोंगर आहेच, एक नाही तर शिखरांचा पुंजका आहे.

तो डोंगर का महत्त्वाचा तर त्यातला दगड वरचा नाही, काही किलोमीटर खालून उपसून आलेला आहे. ड्रिलिंग न करता खोलातला नमुना वर आयता मांडून ठेवलेला. आणि भाभाच्या बाबतीत ते "खाली" म्हणजे साधंसुधं खाली नाही, कारण भाभा स्वतःच एका अवाढव्य खड्ड्यात आहे. साउथ पोल-एटकेन बेसिन. सुमारे २,५०० किमी रुंद, आसपासच्या उंच भागापेक्षा तळ सहा ते आठ किमी खोल, चंद्रावरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जुना ओळखता येणारा आघात. तो झाला तेव्हा वरचं कवच बरंचसं उडून गेलं आणि जे वितळलं ते तिथेच थंड झालं. त्याच्या मध्याच्या जवळ नंतर कधीतरी आणखी एक उल्का पडली आणि तिने त्या खोल तळालाही खणलं, ते भाभा. म्हणजे खड्ड्यातला खड्डा, आणि त्या खड्ड्यातला डोंगर.

आता हे वाचा आणि बाबांना वाचून दाखवा. त्या डोंगरातला दगड कुठला हे कळलं कुणामुळे, तर आपल्या चांद्रयान-१ मुळे. २२ ऑक्टोबर २००८ ला गेलं ते. त्याच्यावर नासाचं एक उपकरण होतं, एम-थ्री म्हणतात, मून मिनरॉलॉजी मॅपर. चंद्रावर पाण्याचा पुरावा सापडला म्हणून २००९ मध्ये बातम्या आल्या ते हेच. ते फोटो काढायचं पण साधे नाहीत, एकाच जागेचे पंचाऐंशी वेगवेगळ्या तरंगलांबीत. पायरॉक्सीन नावाचं खनिज एक मायक्रॉन आणि दोन मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश खातं, आणि नेमका कुठला खातं यावरून त्यात कॅल्शियम-लोह किती, मॅग्नेशियम किती हे सांगता येतं. प्रकाशाच्या आलेखात त्यामुळे जे खड्डे पडतात ते थोडे डावीकडे सरकले की मॅग्नेशियमवाला, उजवीकडे सरकले की कॅल्शियमवाला, अगदी थोडक्यात सांगायचं तर. भाभाच्या मधल्या शिखरांवर मिळाला मॅग्नेशियम भरपूर असलेला पायरॉक्सीन, आणि फिन्सेन, लायमन अशा बेसिनमधल्या इतर विवरांच्या शिखरांवरही तसाच. म्हणजे एवढ्या मोठ्या भागाच्या खाली एकाच जातीचा थर पसरलेला असणार. तो कवचाच्या अगदी तळाचा की त्याखालच्या मँटलचा वितळून पुन्हा घट्ट झालेला, यावर लोक भांडतायत, भांडू देत.

त्याच परिसरात एक टेकाड आहे, मॅफिक माउंड, ७५ किमी रुंद आणि किमीभरच उंच. त्याचा दगड मात्र शिखरांपेक्षा वेगळा निघाला, कॅल्शियम जास्तवाला. तसं टेकाड चंद्रावर दुसरीकडे सापडत नाही. ज्वालामुखीचाच काहीतरी विचित्र प्रकार असावा असं एक मत आहे. एकूण काय तर जिऑलॉजिस्टला चंद्रावर एकच तिकीट मिळालं तर तो टायकोला जाणार नाही, या भागात जाईल. मी तरी जाईन.

ट्रॉम्बेकर:

बापरे ताई, काय लिहिलंत. बाबांना पूर्ण वाचून दाखवलं, चांद्रयान-१ चं आल्यावर चष्मा काढून पुसायला लागले आणि म्हणाले हे आधी का नाही सांगितलं कुणी. टायकोचा मुद्दा मान्य केलाय पण "तो पोरगा भेटू दे" असं चालू आहे. काकांना फोन करून मीच सांगितलं की तुमचं बरोबर होतं, बाबा करणार नाहीत.

दोन शंका. एक म्हणजे विवराचं वय किती? आणि दुसरं, मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर हे बघायची काही सोय आहे का, बाबांना आता ते बघितल्याशिवाय चैन पडणार नाही.

बेसॉल्ट_ताई:

वयाचं असं की दगड हातात असल्याशिवाय नेमका आकडा कुणी देऊ नये. पण क्रम लावता येतो. बेसिनच्या आत पडलं म्हणजे बेसिननंतरचं. बेसिनचं वय चीनने तिथून आणलेल्या दगडांवरून ४२५ कोटी वर्षं निघालंय, म्हणजे भाभा त्यानंतरचं. उलट बाजूने बघा, काठ झिजलेला, किरण पुसलेले, तळावर बारीक बारीक विवरांचा खच. टायकोसारखं ताजं अजिबात नाही, म्हाताऱ्यातच जमा. चंद्रावर पाऊस नाही वारा नाही, झिजवायला फक्त लहान उल्कांचा मारा, त्यामुळे एवढ्या मोठ्या विवराचा काठ बोथट व्हायला किती काळ लागत असेल याचा विचार करा.

अमेय_एडिसन:

न्यू जर्सीतून हाय. घरी बसून बघायचं मी सांगतो, माझा रविवारचा उद्योग आहे हा.

एलआरओसी क्विकमॅप नावाची वेबसाइट आहे, फुकट, लॉगिन नको. उघडली की चंद्राचा सपाट नकाशा येतो, त्यात मागची बाजू दोन तुकड्यांत दोन टोकांना गेलेली असते आणि भाभा एकदम डाव्या कडेला खाली सापडतं, ताणलेलं, अंडाकृती. ते बघून बाबा नाराज होतील. म्हणून आधी प्रोजेक्शन बदलून मागच्या बाजूचा गोल निवडा, मग सर्चमध्ये इंग्रजी स्पेलिंगने भाभा टाका. काही ठिकाणी रेखांश ० ते ३६० असे पूर्वेकडे मोजतात, तिथे १६४.५ पश्चिमचं १९५.५ होतं, गोंधळू नका. झूम केलंत की मधली शिखरं दिसतात. रेघ मारून उंचीचा आलेख काढायचं टूल आहे, ते वापरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ मारा, काठ, तळ, मधला डोंगर, परत तळ, परत काठ असा आलेख येतो. माझ्या मुलीला फोटोपेक्षा तो आलेखच जास्त आवडला.

एक मात्र होणार, सांगून ठेवतो. बघता बघता खड्ड्याचा अचानक फुगवटा दिसायला लागेल. डोळ्यांची सवय असते की उजेड वरून येतो, आणि दक्षिणेकडच्या या फोटोंत उजेड दुसरीकडून येत असला की मेंदू सगळं उलटं वाचतो. चित्र फिरवून उजेडाची बाजू वर घ्या, लगेच खड्डा परत खड्डा होतो.

इस्रोचा डेटा बघायचा असेल तर प्रदान पोर्टलवर चांद्रयान-२ ऑर्बिटरचा आहे, तिथे रजिस्टर करावं लागतं आणि फायली जड असतात, सुरुवातीला नको. चांद्रयान-२ ने पोचल्या पोचल्या २३ ऑगस्ट २०१९ ला मागच्या बाजूचे जे फोटो काढले होते त्यात मित्र विवर आहे बरं का, काकूंनी वर लिहिलंय ते.

पुणेरी_शंकासुर:

तर आता मूळ दुखण्यावर येऊ. नाव आपलं, यान आपलं, उपकरण नासाचं, आणि दगड घेऊन गेला चीन. बरोबर ना? भाभामधून दगड उचललाय का त्यांनी?

बेसॉल्ट_ताई:

भाभामधून नाही. चांगअ-६ जून २०२४ मध्ये अपोलो नावाच्या विवरात उतरलं आणि २५ जूनला १,९३५ ग्रॅम माती-दगड घेऊन परत आलं, मागच्या बाजूचे आजवरचे पहिले नमुने. त्याआधी ३ जानेवारी २०१९ ला चांगअ-४ फोन कार्मान विवरात उतरलं होतं. मी अक्षांश-रेखांश घालून अंतर काढून बघितलं, दोन्ही जागा भाभापासून साधारण साडेचारशे किमी येतात, एक ईशान्येला, दुसरी वायव्येला. दोन्हीच्या मधोमध खाली भाभा, अजून कुणी पाय न लावलेलं.

आणि दुखणं कशाला म्हणता? चीनच्या दगडांत जे बेसॉल्ट निघाले ते २८० कोटी वर्षांपूर्वीचे आणि बेसिनच्या आघातातला दगड ४२५ कोटींचा, हे आकडे आल्यावर एम-थ्रीचे जुने नकाशे लोकांनी पुन्हा काढले असणारच. हातातला दगड एका जागचा असतो, नकाशा अख्ख्या बेसिनचा. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

पुणेरी_शंकासुर:

तुम्ही म्हणता म्हणून. पण पुढच्या वेळी दगड आपण आणायचे, चांद्रयान-४ चं तेच चाललंय ना.

बेसॉल्ट_ताई:

हो, नमुने परत आणायचंच आहे त्यात. पण तेही समोरच्या बाजूला दक्षिणेकडे, मागे नाही. एका वेळी एक.

ट्रॉम्बेकर:

क्विकमॅप उघडलं. बाबांनी माउस सोडलेला नाही, जेवायला हाक मारली तर बोसवर पोचले होते. अमेयभाऊ ते फुगवट्याचं झालंच, मी स्क्रीन फिरवून दिली.

आता कमिटीच्या मेंबरने विचारलंय की परत एक कार्यक्रम करू, या वेळी खरं काय ते दाखवू. भाभा नाही तर निदान त्याच्याशी संबंधित काही इथून दिसण्यासारखं आहे का? आठ इंची दुर्बीण मिळतेय, ओळखीतल्या एकाकडे.

गच्चीवरचा_न्यूटन:

आहे, दोन गोष्टी आहेत, आणि आठ इंचीत दोन्ही होतील.

पहिली म्हणजे साराभाई विवर. बीएआरसीवाल्या बिल्डिंगला साराभाई चालायला हरकत नसावी, भाभांच्या नंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष तेच होते. २५ अंश उत्तर, २१ अंश पूर्व, मेअर सेरेनिटाटिसच्या सपाट पटांगणात. आधी बेसेल शोधायचं, १६ किमीचं, त्या सपाटीवर तेच उठून दिसतं, मग तिथून ईशान्येकडे अलगद सरकायचं, छोटंसं नीटस गोल खळगं दिसेल. दीडशेच्या आसपास पॉवर ठेवा. पौर्णिमेला नका करू, पौर्णिमेला सावल्याच नसतात, सगळं सपाट पांढरं दिसतं, कोजागिरी दुधासाठी चांगली, चंद्रनिरीक्षणासाठी सगळ्यात वाईट. शुक्ल षष्ठी धरा, तेव्हा नेमकं तिथे उजाडत असतं आणि विवराचा अर्धा भाग सावलीत असतो.

आणि यात एक योगायोग आहे. वर लिहिलं होतं की भाभावर शुक्ल षष्ठी-सप्तमीला मावळतं. दोघांच्या रेखांशात १७४.५ अंशांचं अंतर, म्हणजे जवळजवळ समोरासमोर, त्यामुळे साराभाईवर सूर्य उगवला की अर्ध्या दिवसाच्या आत-बाहेर भाभावर तो बुडतो. बाबांना सांगायला चांगलं आहे, खरंही आहे.

दुसरी गोष्ट, बेसिनचा काठ. भाभा ज्या अडीच हजार किमीच्या खड्ड्यात आहे त्याची आपल्याकडची कड चंद्राच्या दक्षिण टोकाला येते. दक्षिण टोक आपल्याकडे कललेलं असेल तेव्हा तिथे कडेवर डोंगरांची दातेरी रांग दिसते, काळ्या आकाशावर सुळके उभे असल्यासारखी. जुने निरीक्षक त्यांना लाइबनिट्स पर्वत म्हणायचे. ते डोंगर म्हणजे त्याच आघाताचा उचललेला काठ. भाभाच्या सगळ्यात जवळचं, इथून दिसेल असं, तेच.

ट्रॉम्बेकर:

मस्त. म्हणजे षष्ठीला साराभाई आणि दक्षिणेचे डोंगर. कमिटीला कळवतो. दक्षिण टोक कललेलं कधी असतं ते कसं बघायचं?

गच्चीवरचा_न्यूटन:

स्टेलेरियम नावाच्या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये चंद्रावर क्लिक करा आणि झूम करून बघा, टायको कडेपासून जरा आत सरकलेला दिसला की दक्षिण आपल्याकडे कललीय. षष्ठीला नेमकं तसं नसेल तर डोंगर पुढच्या महिन्यावर टाका, साराभाई होऊन जाईल. आणि संध्याकाळी लवकर लावा, षष्ठीचा चंद्र रात्री अकरा-साडेअकरापर्यंत खाली जातो, तुमच्याकडे पश्चिमेला टॉवर असतील तर त्याहून आधीच गेला समजा. आरसा थंड व्हायला दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा.

जोशीकाकू_ठाणे:

आणि दाखवायला कोण उभं राहणार ते आधी ठरवा. बाबांनाच उभं करा, आता त्यांच्याइतकं कुणाला पाठ नसेल.